युरोपचा खर्च मुंबईपासून का मोजता?

युरोपला जायचं म्हटलं की आमच्याकडे दोन प्रकारचे सल्लागार उगवतात. पहिले म्हणतात, "कशाला डोक्याला ताप? टूरबरोबर जा, दहा दिवसांत सात देश उरकतात." (उरकतात! जसं काही घरातलं लग्नच आहे.) दुसरे हल्ली फार वाढलेत. त्यांच्या मोबाइलवर कायम कुठलं तरी तिकीट स्वस्त झालेलं असतं. "अहो, मुंबई ते मिलान, जाऊन-येऊन एवढ्यात! आत्ताच्या आत्ता घेऊन टाका."

माझं भांडण दोघांशीही आहे.

कारण दोघंही धरून चालतात की माणूस मुंबईत राहतो, आणि त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जायला पैसे आहेत. आम्ही राहतो धाराशिव जिल्ह्यात. २०२३ मध्ये नाव बदललं, पण पुष्कळांच्या पासपोर्टवर अजून उस्मानाबादच आहे. इथून युरोपला कोण जातं म्हणाल, तर जातात बरं का. मुलगा जर्मनीत एम. एस. करतोय असे आईबाप जातात. निवृत्त झालेले मास्तर आणि बाई जातात, ग्रॅच्युइटीतले चार-पाच लाख बाजूला काढून. हे पैसे आयुष्यात एकदाच हातात येतात. ते चुकीच्या सल्ल्यावर उधळले जाताना बघितलं की राग येतो, म्हणून हा एवढा प्रपंच.

आधी त्या स्वस्त तिकिटाचं बघू. उमरग्याचं जोडपं घ्या. समजा, हैदराबादपेक्षा मुंबईहून तिकीट माणशी पाच हजारांनी स्वस्त आहे. दोघांचे दहा हजार वाचले, सल्लागार खूश. आता उमरगा ते मुंबई विमानतळ अंदाजे पाचशे किलोमीटर आणि हैदराबादचं शमशाबाद सव्वादोनशेच्या आसपास. गाडीवाला परतीचंही भाडं लावतो. किलोमीटरला बारा रुपये धरले तर मुंबईला सोडायचे बारा हजार, हैदराबादला पाच हजार चारशे. तेच पुन्हा आणायला. म्हणजे गाडीभाड्यातच तेरा हजारांचा फरक पडला! वाचलेले दहा हजार गेले, वर पदरचे तीन हजार. टोल आणि वाटेतलं जेवण धरलेलंच नाही.

"मग रेल्वेने जावं की." जावं. लातूर-मुंबई एक्सप्रेस रात्री धाराशिवहून निघते आणि सकाळी मुंबईत सोडते. युरोपची बरीचशी विमानं मुंबईहून सुटतात मध्यरात्रीनंतर. म्हणजे दोन मोठ्या बॅगा घेऊन साठीच्या माणसांनी अख्खा दिवस काढायचा कुठे? नातेवाईक असले तर ठीक, नाहीतर हॉटेल. परत येताना उलटी गंमत. विमान उतरणार अपरात्री आणि लातूरची गाडी मुंबईहून सुटणार त्या दिवशी रात्री! हा खर्च कुठल्याही तिकिटाच्या साइटवर दिसत नाही, पण तो होतोच.

गंमत म्हणजे हैदराबाद आम्हाला नवं नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. आजोबा-पणजोबांची कोर्टकचेरी तिकडेच. सोलापूर-हैदराबाद हायवे नळदुर्ग आणि उमरग्यावरूनच जातो. शमशाबादचा विमानतळ २००८ मध्ये सुरू झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथून फ्रँकफुर्टचं थेट विमानही सुरू झालं. आखाती विमान कंपन्यांचे एका थांब्याचे पर्याय वेगळे. तरीही आमच्या माणसांच्या डोक्यात परदेश म्हटलं की मुंबईच. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "व्हिसा मुंबईचा आहे ना!" अहो, व्हिसा कुठल्या वकिलातीने दिला आणि विमान कुठून पकडलं याचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. महाराष्ट्रातल्या माणसाचा अर्ज मुंबईच्या अखत्यारीत जातो, पुण्यातही बऱ्याच देशांची अर्ज केंद्रं आहेत. ठसे द्यायला तिकडे जा आणि विमान हैदराबादहून पकडा. कोण अडवतंय?

परंडा-भूमच्या माणसाला हे लागू नाही, त्याला पुणं-मुंबईच सोयीची. धाराशिव शहराचं मधलं गणित आहे, तिथे दोन्ही किमती मांडूनच बघाव्या लागतात. माझं म्हणणं एवढंच की घराच्या उंबऱ्यापासून मोजा. सोलापूरहून २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, तेही हिशेबात घ्या. पण पुढच्या विमानापासून वेगळं काढलेलं तिकीट असेल तर हातात भरपूर वेळ ठेवा. पहिलं विमान लेट झालं म्हणून दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही परत देत नाही.

आता "आत्ताच्या आत्ता घेऊन टाका" याकडे वळतो. हा सल्ला तर मला सरळसरळ घातक वाटतो. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, म्हणजे माणशी नऊ हजारांच्या वर, शिवाय अर्ज केंद्राचे वेगळे. व्हिसा नाकारला तर फी परत नाही. आणि नाकारतात! २०२४ मध्ये भारतीयांचे सुमारे अकरा लाख अर्ज गेले आणि त्यातले दीड लाखाहून जास्त फेटाळले गेले. फेटाळलेल्यांच्या खिशात परत न होणारी 'स्वस्त' तिकिटं असतील, तर ती काय देवघरात लावायची? अर्जाला रिझर्व्हेशन आणि प्रवासाचा आराखडा दाखवता येतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. म्हणून शक्य तितक्या लवकर अर्ज करा. तोवर रद्द करता येणारं तिकीट थोडं महाग पडलं तरी तेच स्वस्त.

युरोपातल्या आतल्या स्वस्त विमानांचंही असंच. वीस युरोत पॅरिस! मग कळतं की ते उतरतं बोवेला, पॅरिसपासून ऐंशीपंच्याऐंशी किलोमीटरवर. म्हणजे लातूरला उतरवून "आलं हो धाराशिव" म्हणण्यासारखंच झालं. पुढे बसचे पैसे वेगळे, मोठ्या बॅगेचे वेगळे. आणि चटणी-मेतकूट नेणारा मराठी माणूस एका छोट्या बॅगेत मावेल, हे मला तरी शक्य वाटत नाही. त्यापेक्षा रेल्वे बरी. दोन-तीन महिने आधी तिकीट काढलं तर बऱ्यापैकी स्वस्त मिळतं, गावाच्या मध्यात उतरता येतं आणि बॅगेचं वजन कुणी करत नाही.

राहिले सात देशवाले. त्यांना आमच्या भाषेत सांगतो. तुळजापूरला मुखदर्शन असतं ना, लांबून हात जोडायचे आणि पुढे सरकायचं? वेळ नसलेल्या माणसाची ती सोय आहे, त्यात वावगं काही नाही. पण चार लाख भरून आयफेलचं मुखदर्शन, पिसाचं मुखदर्शन, मध्ये सात-आठ तास बस... आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अशी टूर करून आले. काय आवडलं विचारलं तर म्हणाले, "बसच्या खिडक्या मोठ्या होत्या." बिचारे थट्टा करत नव्हते.

टूरबरोबर जाणाऱ्यांना मी हसत नाही. गुडघे दुखतात, शाकाहारी जेवण हवं, भाषेची भीती वाटते, ही खरी कारणं आहेत आणि त्यांची किंमत मोजायला हरकत नाही. फक्त मोठा आकडा बघून टूर निवडू नका. आणि त्या आकड्यात लंडन असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, फी वेगळी. मधेच लंडनला जाऊन परत युरोपात यायचं तर शेंगेन व्हिसाही एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. आकड्यात एक देश वाढतो आणि खर्च किती वाढतो ते बघा.

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत, पण एका फेरीत त्यातले तीन भरपूर झाले. समजा, हैदराबादहून फ्रँकफुर्ट, मुलगा जर्मनीत असेल तर त्याच्याकडे चार-पाच दिवस, मग म्युनिकवरून रेल्वेने साल्झबर्ग, तिथून व्हेनिस, शेवटी रोम, आणि परतीचं विमान रोमहून. जाताना एका गावी उतरायचं आणि येताना दुसऱ्या गावाहून निघायचं, हे एकाच तिकिटावर मिळतं आणि पुष्कळदा फारसं महागही पडत नाही. उलट पुन्हा फ्रँकफुर्टला मागे येण्याचा एक दिवस आणि भाडं वाचतं. जर्मनीत सगळ्यात जास्त दिवस म्हणून अर्ज जर्मनीकडे, तिथेही गोंधळ नाही. सात देशांत सारखे दिवस वाटले तर अर्ज पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे करावा लागतो. मग ज्याचा व्हिसा 'सोपा' म्हणतात त्याच्या नावाने खोटी हॉटेलं दाखवायचे उद्योग सुरू होतात. ते एजंट सुचवतो, पण सही तुमची असते.

"फक्त तीनच देश?" असं सोसायटीतलं कुणीतरी विचारणारच. विचारू देत. त्यांना म्हणावं, आम्ही व्हेनिसला तीन रात्री राहिलो, तुम्ही किती तास होतात?