मिठागर नको, जकातनाका हवा

पाचाडहून रायगडाच्या वाटेला लागलं की ताक विकणाऱ्या मावशी भेटतात. माठाशेजारी क्यूआर कोडचा कागद असतो. गिऱ्हाईक ताक पितं आणि हात उंच करून रेंज शोधत फिरतं. मावशी म्हणतात, "राहू दे बाळा, उतरताना दे."

ताकाचे पैसे थांबतात. जीव थांबत नाही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. महाड पुराच्या पाण्यात होतं, रस्ते तुटले होते, फोन लागत नव्हते. ऐंशीहून अधिक माणसं गेली.

डोंगरात रेंज न्यायला पैसा लागतो. त्यासाठी बड्या तंत्रज्ञान कंपन्या सरकारने ताब्यात घ्याव्यात, म्हणजे नफा लोकांचा होईल, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. थकलेल्या देण्यांच्या बदल्यात सरकारने व्होडाफोन आयडियाचे समभाग घेतले. एप्रिल 2025 मध्ये हिस्सा 48.99 टक्क्यांवर गेला, कारभार मात्र प्रवर्तकांकडेच राहिला. नुसत्या समभागांनी डोंगरात टॉवर उभा राहत नाही.

गूगल, मेटा तर परदेशी. त्यांची मालकी आपल्या हाती येणार नाही, पण नाका आपला आहे. बारदेशचं स्वस्त मीठ संगमेश्वरच्या मिठाचा बाजार बुडवत होतं, तेव्हा 1671 साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला त्यावर जबर जकात बसवायला लिहिलं. बारदेशची मिठागरं पोर्तुगिजांची होती. जकात महाराजांची होती.

आपणही अशी जकात बसवली होती. ऑनलाइन जाहिरातींपोटी परदेशी कंपन्यांना जाणाऱ्या पैशावर 1 जून 2016 पासून 6 टक्के 'गूगल टॅक्स' होता. अमेरिकेच्या आयातशुल्काची टांगती तलवार असताना, 1 एप्रिल 2025 पासून तो उठवला गेला. हे चुकलं.

दूरसंचार कंपन्या त्यांच्या समायोजित महसुलाचे 5 टक्के ग्रामीण सेवेसाठी देतात. तो पैसा डिजिटल भारत निधीत जातो. त्याच तारांवरून, त्याच टॉवरवरून धंदा करणाऱ्या जाहिरात कंपन्यांनी या निधीत काहीच का घालू नये? त्यांच्या इथल्या शाखा प्राप्तिकर भरतात, हे खरं. पण डोंगरातल्या गावापर्यंत सेवा नेण्याचा भार त्याने हलका होत नाही.

6 टक्के परत आणा, ते थेट या निधीत टाका आणि पडून राहू देऊ नका. महाड-पोलादपूरच्या वाड्यांना पावसाळ्यात वीज गेली तरी दोन-तीन दिवस चालेल असा टॉवर द्या. मावशींचे पैसे उतरताना मिळतील. दरडीखालच्या हाकेला तेवढी सवड नसते.

– पाचाडकर