ॲप गेले, मॅन्डेट राहिले

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत 31 डिसेंबर 2025 ला संपली आणि सेवा केंद्रांवरची झुंबड ओसरली. त्या गर्दीत ओटीपीची वाट पाहत बसलेल्या बायाबापड्यांनी सहज खाते तपासून मागितले, आणि पंधराशे जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांत 199, 299, कुठे 399 रुपये वजा झालेले निघाले. पोहेगाव, चासनळी, संवत्सर, धामोरी, पलीकडून वैजापूर आणि येवल्याच्याही केंद्रचालकांची पत्रे आमच्या टेबलावर आहेत. मजकूर जवळपास एकच : गिऱ्हाइकाने ॲप काढून टाकले, वर्गणीही रद्द केली, तरी पैसे जातात, बँक दाद देत नाही, आम्ही काय सांगावे?

सांगण्याआधी आपल्याच मंडळींना दोन शब्द. काही केंद्रांवर पन्नास रुपये घेऊन फोनमधले ॲप डिलीट करतात आणि "झालं बंद, मावशी" म्हणून पाठवून देतात. हा शुद्ध फसवणुकीचा धंदा आहे. ॲप काढल्याने मॅन्डेटला काहीही होत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने केंद्र चालवू नये. ॲपमधून वर्गणी रद्द केली तर ती कंपनीच्या दप्तरात रद्द होते. पैसे ओढण्याचा परवाना, म्हणजे मॅन्डेट, बँकेत आणि यूपीआयमध्ये जिवंतच असतो. कंपनी प्रामाणिक असेल तर तो वापरणार नाही. नसेल तर वापरील. म्हणून वर्गणी रद्द करा, पण मॅन्डेट स्वतंत्रपणे रिव्होक करा, पिन टाकून घ्या, आणि रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट यूएमएनसह, म्हणजे मॅन्डेटच्या क्रमांकासह, गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये ठेवा. पूर्वसूचना निघून गेल्यावर रद्द केलेत तर वाटेतला तो एक हप्ता जाऊ शकतो, तेव्हा तारखेच्या आदल्या दिवसाची वाट पाहू नका.

हे मॅन्डेट तयार कसे होते तेही आपण पाहिलेले आहे. "एक रुपयात सात दिवस" : राशिभविष्य, गोष्टी, इंग्रजी बोलायला शिका. तो रुपया मालाची किंमत नसतो, पिन टाकून घेण्याचे निमित्त असते. मंजुरीच्या पडद्यावर कमाल रक्कम, वारंवारता आणि अंतिम तारीख लिहिलेली असते. वारंवारतेत "ॲज प्रेझेंटेड" असेल तर कंपनी मागेल तेव्हा वजावट, आणि अंतिम तारीख पाहाल तर नातवाच्या लग्नापर्यंत पुरेल. 15,000 रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पुन्हा पिनही लागत नाही. नवा फोन चालू करून देताना गिऱ्हाइकाच्या हातून असा पिन टाकून घेणारे आपलेच लोक असतात, घाईत, मागे रांग उभी असताना.

आता बँकांकडे वळू. गिऱ्हाईक शाखेत जाते. काउंटरवरून उत्तर येते, "ऑटोपे तुम्हीच दिलाय, कंपनीला सांगा." कंपनीचा फोन कुणी उचलत नाही. ई-मेल केला तर यंत्राचे उत्तर येते की आपली वर्गणी रद्द झालेली आहे, वजावटीबाबत बँकेशी संपर्क साधावा. मधल्या मध्ये दुधाचा पगार जमा व्हायचा अवकाश, की अडकलेली वजावट पुन्हा धडकते. यूपीआयमध्ये एका वजावटीसाठी एक प्रयत्न आणि फार तर तीन पुनर्प्रयत्न, अशी मर्यादा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑगस्ट 2025 पासून घातली, ते बरे झाले. पण ज्याच्या खात्यात दहा-दहा दिवसांनी पगार येतो आणि दोन दिवसांत पेंडवाल्याकडे जातो, त्याला त्यातला एक प्रयत्नही पुरेसा महाग पडतो. मॅन्डेट यूपीआयऐवजी नॅचचे, म्हणजे थेट बँक खात्यावरचे, असेल आणि खात्यात पैसे नसतील तर रिटर्न चार्ज वेगळा, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा.

"कंपनीला सांगा" हे शाखेचे उत्तर चुकीचे आहे, आणि तसे तोंडावर सांगायला आपण कचरता कामा नये. रिझर्व्ह बँकेचे 21 ऑगस्ट 2019 चे परिपत्रक केंद्रात छापून ठेवा. ते कार्डांसाठी होते. जानेवारी 2020 मध्ये यूपीआयलाही लागू झाले. 1 ऑक्टोबर 2021 पासून त्याची सक्त अंमलबजावणी सुरू झाली. त्यात काय आहे? वजावटीच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला पूर्वसूचना द्यायची. ती मिळाल्यावर तेवढा हप्ता किंवा सगळे मॅन्डेट नाकारण्याची सोय द्यायची. शिवाय कोणत्याही क्षणी मॅन्डेट मागे घेण्याची ऑनलाइन सोय कार्ड देणाऱ्या बँकेने ठेवायची, आणि मागे घेतल्यावर पुढची वजावट होऊ द्यायची नाही. "कंपनीची परवानगी आणा" असे त्यात कुठेही नाही. उलट मॅन्डेट मागे घेतल्यावर व्यापाऱ्याने ग्राहकाच्या पेमेंटचे तपशील पुसले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी व्यापाऱ्याच्या बँकेवर टाकलेली आहे.

खरी गंमत पूर्वसूचनेत आहे. ती निःसंदिग्ध आणि समजेल अशा भाषेत असावी, असे त्याच परिपत्रकात म्हटले आहे. आता समोर बसलेल्या कोणत्याही गिऱ्हाइकाचा इनबॉक्स उघडा. संदेश इंग्रजीत. व्यापाऱ्याच्या नावाच्या जागी बऱ्याचदा पेमेंट गेटवेचे नाव, ज्याचा आणि राशिभविष्याचा संबंध ब्रह्मदेवालाही लागू नये. आणि नाकारायचे असेल तर शेवटी एक लिंक. त्याच वेळी रिझर्व्ह बँकेच्या जाहिरातीत अमिताभ बच्चन वर्षानुवर्षे बजावत आहेत, की सावध राहा, अनोळखी लिंकवर बोट ठेवू नका. चासनळीच्या एका बाईंनी अगदी तेच केले. लिंक आली, त्यांनी संदेश पुसून टाकला, दुसऱ्या दिवशी 299 रुपये गेले. शाखेत त्यांना ऐकवण्यात आले, "मेसेज आला होता ना? तेव्हाच नाही म्हणायचं." सावधपणे वागणाऱ्याचे पैसे जावेत अशी ही रचना आहे, आणि ज्या खात्यासाठी मराठी अर्जावर सही घेतली त्या खात्याची सूचना मराठीत का नाही, हे विचारायला आजवर एकही अधिकारी मोकळा झालेला दिसत नाही. 24 डिसेंबरला तालुक्या-तालुक्यांत राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो. हार, भाषण, चहा. यंदा कुठल्या व्यासपीठावर ऑटोपेचा विषय निघाला असेल तर आम्हाला कळवा, आनंदाने छापू.

दिल्लीतही कागद कमी नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत वर्गणीचा सापळाही आहे. जून 2025 मध्ये ई-व्यापारी कंपन्यांना आदेशवजा सल्ला गेला, की तीन महिन्यांत आपल्या ॲपचे आपणच परीक्षण करा. म्हणजे विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासायचा. तिकडे अमेरिकेत ॲमेझॉनला प्राइमची वर्गणी लोकांच्या गळ्यात मारून रद्द करणे अवघड केल्याच्या आरोपावरून सप्टेंबर 2025 मध्ये 250 कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली, त्यातले 150 कोटी ग्राहकांना परत द्यायचे आहेत. आपल्याकडे असा आकडा कुणी ऐकला आहे काय?

तेव्हा वाट न पाहता करायचे ते करा. मॅन्डेट रद्द केल्यावरही पैसे गेले तर तो अनधिकृत व्यवहार आहे, आणि ग्राहकाच्या जबाबदारीची मर्यादा ठरवणारे नियम त्यालाही लागू आहेत. तीन कामाच्या दिवसांत बँकेला लेखी कळवा. शाखेत पोच देत नसतील तर बँकेच्या तक्रार ई-मेलवर पाठवा, रजिस्टर पोस्टाने पाठवा. तोंडी तक्रारीला कवडीची किंमत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. शुल्क नाही. कंपनीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. त्याहून पुढे जायचे तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात दावा चालतो, पाच लाखांपर्यंत फी नाही, तो ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येतो. 299 रुपयांसाठी नगर-मनमाड रस्त्याने हाडे खिळखिळी करून घेण्याची गरज नाही. जुना फोन हरवला, मॅन्डेट कुठल्या ॲपमधून दिले ते आठवत नाही, ही अडचणही आता सबब होऊ शकत नाही : सगळी चालू मॅन्डेट कोणत्याही यूपीआय ॲपमध्ये दिसावीत, अशी तरतूद करायला एनपीसीआयने 31 डिसेंबर 2025 ची मुदत दिली होती. दिसत नसतील तर ॲपचे नाव आणि तारीख टिपून ठेवा.

या कामाची फी घ्या, जरूर घ्या. पण पाटीवर दर लावा, आणि मॅन्डेट रद्द झाल्याचा कागद हातात दिल्याशिवाय एक पैसाही घेऊ नका.

आणि आम्हाला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. पत्रे पुष्कळ आली, पुरावे मोजकेच आले. कोपरगाव, राहाता, येवला, वैजापूर या चार तालुक्यांतल्या केंद्रांनी पूर्वसूचनेच्या संदेशांचे फोटो, वजावट दाखवणारे पासबुकाचे पान आणि शाखेला दिलेल्या अर्जाची प्रत, गिऱ्हाइकाची लेखी संमती घेऊन आणि खाते क्रमांक झाकून, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पाठवावीत. सगळे एकत्र करून मराठी सूचनेची मागणी रिझर्व्ह बँकेकडे आणि प्राधिकरणाकडे आम्ही करणार आहोत. पाकिटावर केंद्राचा आयडी हवा. निनावी कागद वापरता येणार नाहीत.