बुजगावण्यांच्या गावात



आमच्या ह्यांना फोटोचा भारी नाद. नोकरीनिमित्त ओसाकाला बिऱ्हाड थाटल्यापासून सुट्टी आली रे आली, की कॅमेरा ह्यांच्या गळ्यात आणि आम्ही सारी गाडीत! मध्यंतरी सासूबाई गावाहून आल्या होत्या. देवळे पाहून झाली, उंच इमारती पाहून मान दुखली. मग म्हणाल्या, "इथली शेतं कशी असत्यात, ती दावा की." म्हणून आम्ही शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात जायचे ठरवले.

कोबे शहराजवळ आकाशीचा झुलता पूल लागतो. १९९८ साली खुला झालेला हा पूल जवळजवळ चार किलोमीटर लांब आहे. पलीकडे आवाजी बेट, पुन्हा एक पूल, आणि मग तोकुशिमाचा डोंगराळ मुलूख.

इथली शेते थेट डोंगराच्या उतारावर. पाय रोवल्याशिवाय उभे राहवत नाही! शेतकरी रानातले उंच गवत कापून वाळवतात, त्याचे उभे भारे रचून ठेवतात आणि पुढे ते तुकडे करून शेतात पसरतात. त्याने माती धुपत नाही, ओल टिकते आणि खतही होते. २०१८ साली या शेतीपद्धतीला जागतिक कृषी वारशाचा मान मिळाला. सासूबाईंनी चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली. "शहाणी माणसं हायती," एवढेच म्हणाल्या.

पुढे नागोरो गाव आले. रस्त्याच्या कडेला काही मंडळी बसली होती. सासूबाईंनी हात जोडले, "रामराम." उत्तर नाही. जवळ जाऊन पाहतो तो काय, सगळी बुजगावणी!

त्सुकिमी आयानो नावाच्या बाई ओसाकात राहत होत्या. म्हाताऱ्या वडिलांसाठी त्या या गावी परतल्या. पेरलेले पाखरे खाऊ नयेत म्हणून त्यांनी एक बुजगावणे केले, ते वडिलांसारखेच दिसू लागले. पुढे गावातले कुणी वारले, कुणी शहरात गेले, तसतशा बाई बाहुल्या करत गेल्या. लाकडाचा सांगाडा, आत वर्तमानपत्रांचे बोळे, अंगावर जुने कपडे. आता गावात माणसांपेक्षा बुजगावणीच कितीतरी जास्त आहेत. मुलेच उरली नाहीत म्हणून २०१२ साली शाळा बंद झाली. तिथल्या वर्गातही बाहुल्याच बसल्या आहेत. शेवटच्या दोन विद्यार्थ्यांनी जाण्यापूर्वी स्वतःसारख्या बाहुल्या केल्या, त्याही तिथेच आहेत.

ह्यांना तर फोटोंचे घबाडच मिळाले. डोक्यावरच्या उन्हात टोपीची सावली तोंडावर पडते, म्हणून ऊन कलेपर्यंत थांबले. बसलेल्या बाहुलीचा फोटो आपणही बसून घेतला, तर ती माणसासारखी दिसते, हे त्यांनी मुलांना शिकवले. एका आजीबाई शेतात निंदत होत्या. त्यांना आधी विचारले, त्यांनी मान डोलावली, तेव्हाच कॅमेरा उचलला. मात्र मधूनमधून एक वाक्य चालूच होते, "आई, जरा बाजूला हो गं, मध्ये येतेस."

घरी परतल्यावर रात्री सगळे फोटो पाहायला बसलो. दोनशेच्या वर होते. सासूबाईंनी शेवटपर्यंत पाहिले आणि विचारले, "समदी बुजगावणी आली. मी कुठं हाय रं यात?"

हे काही बोलले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सारे फोटो पाहिले. एका फोटोच्या कडेला लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता.

जपानीत फोटोला 'शाशिन' म्हणतात. त्या शब्दातल्या दोन अक्षरांचा अर्थ होतो, खऱ्याची नक्कल. नक्कल करायची तर खरे माणूस समोर असावे लागते, हे आमच्या घरात त्या रात्री सर्वांनाच कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई तांदळाची भाकरी थापत होत्या. हे कॅमेरा घेऊन दारात उभे राहिले. "थांब, पदर तरी नीट घेऊ दे," त्या म्हणाल्या. "आहे तशीच राहा," हे म्हणाले. उजेड कमी होता, फोटो जरासा हलला. तरी दोन प्रती काढल्या. एक त्या गावी घेऊन गेल्या, एक आमच्या भिंतीवर आहे.

आता घरोघरी मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. सणासुदीला लेकी-सुना, नातवंडे जमली, की आजीला दळण निवडताना, आजोबांना बैलाच्या पाठीवर हात फिरवताना टिपून ठेवा. नटूनथटून रांगेत उभे राहण्याची गरज नाही. त्यातला एखादा कागदावर छापून घ्या आणि मागे नाव, गाव आणि साल लिहा. मोबाईल बिघडतो, हरवतो. ट्रंकेतला कागद राहतो.

आणि फोटो काढणाऱ्याचाही एखादा फोटो कुणीतरी काढा. आमच्या ह्यांचा या सहलीतला एकही नाही!