आजार सांगावा की झाकावा?

आपल्या घरांतून आजारांच्या दोन जाती असतात. एक चारचौघांत सांगायचे आणि दुसरे चारचौघांपासून झाकायचे. गुडघेदुखी आणि रक्तदाब हे पहिल्या जातीचे; त्यांच्यावर पाहुण्यांबरोबर चहाचे दोन कप सहज संपतात. क्षय, दमा, फेफरे ही दुसऱ्या जातीची मंडळी. घरात लग्नाची मुले असली म्हणजे तर त्यांचे नाव उंबरठ्याबाहेर जाऊ द्यायचे नाही!

यंदा हा प्रश्न आमच्याकडे निराळ्याच वाटेने आला. बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, जायचे ठरवले. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उद्‌घाटन झालेली ही नागरिकांची फौज. आपला नोकरीधंदा सांभाळायचा, वर्षातले काही आठवडे गणवेश चढवायचा आणि देशाने हाक मारली की हजर व्हायचे. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही वेळी ही माणसे हजर झाली. अधिकारी होण्यासाठी वय १८ ते ४२ लागते. तेवढ्यामुळे मामा बचावला!

लेखी परीक्षेचे भाच्याला भय नव्हते. भय होते वैद्यकीय तपासणीच्या कागदाचे. पूर्वी कोणता आजार झाला होता, असे तिथे विचारतात. चार वर्षांपूर्वी त्याला क्षय झाला होता. सहा महिने नेमाने औषधे घेऊन तो खडखडीत बरा झाला.

बहीण म्हणाली, "दादा, बरा झालाय ना तो? मग लिहायचं कशाला? उगाच त्यांच्या हाती कोलीत!"

आईचे काळीज मला कळते. पण लष्करी डॉक्टर काही वधूपिते नव्हेत. क्षयाचे उपचार पुरे होऊन दोन वर्षे उलटली असतील आणि छातीत फारशी खूण उरली नसेल, तर ते दार लावून घेत नाहीत. फोटो काढतात, कागद मागतात, पारखून घेतात. दम्याला किंवा फेफऱ्याला मात्र बहुधा नकारच मिळतो. त्यात आकस काही नाही. विरळ हवेच्या पहाडावर एकाचा श्वास कोंडला, तर त्याला खाली आणण्यासाठी चौघांना जीव धोक्यात घालावा लागतो. नकार पटला नाही तर फेरतपासणी मागता येते. लपवलेले उघडकीस आले, तर मात्र निवडही जाते आणि शब्दाची पतही.

भाच्याने सारे लिहिले. बहिणीने साड्यांखाली दडवलेली औषधोपचारांची फाइल मुकाट्याने काढून दिली. निकाल अजून लागायचा आहे. तो कसाही लागो. ज्याच्या भरवशावर उद्या दुसऱ्याने आपला जीव सोपवायचा, त्याने आपल्या जिवाचा हिशेब आधी खरा मांडलेला बरा.