सशाला उपवास नसतो

आपल्या घरांत उपवासाला मोठा मान आहे. अठ्ठाई करणाऱ्या तपस्व्याची अनुमोदना सारा संघ करतो, आणि आजारी माणसाने एक दिवस लंघन केले तर “पोटाला विसावा मिळाला” असे वडीलधारे म्हणतात. माणसापुरती ही समजूत ठीक आहे. घरी पाळलेल्या सशाच्या मादीचे निर्बीजीकरण नुकतेच झाले असेल, तर मात्र हीच समजूत तिच्या जिवावर बेतू शकते. उपवास पच्चक्खाण घेऊन, स्वेच्छेने केला जातो. सशाने खाणे सोडले तर तो रोगाचा पहिला इशारा समजावा.

अहिल्यानगर, श्रीरामपूर, संगमनेर येथील घरांत आता मुलांच्या हट्टाने ससे दिसू लागले आहेत. हा मूळचा युरोपातील ससा. आपल्या माळरानावरचा करडा ससा वेगळा. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण असून तो घरी ठेवता येत नाही. पाळीव मादीचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो आणि व्याल्यावर ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते. एवढी पिल्ले कोणाला द्यायची, आणि घेणारा ती कशासाठी घेईल, हा प्रश्न जीवदया मानणाऱ्या घराला टाळता येत नाही. शिवाय वय वाढेल तसा मादीला गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो. म्हणून पशुवैद्य ही शस्त्रक्रिया सुचवतात.

प्रतिक्रमणात आपण पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आठवतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. शस्त्रक्रिया हा छविच्छेद नव्हे काय, असे काही श्राविका विचारतात. क्रोधाने वा लोभाने केलेला छेद आणि भूल देऊन, जीव वाचावा म्हणून केलेला छेद यांत भावाचे अंतर आहे; तरीही किंतु असेल तर गुरुभगवंतांना विचारूनच निर्णय घ्यावा. निर्णय झाल्यावर मात्र लक्ष पाचव्या अतिचाराकडे वळले पाहिजे. मुक्या जिवाचे अन्नपाणी मुद्दाम तोडणारे आपल्यात कोणी नाही. पण ती खात नाही हे चार प्रहर कोणाच्या ध्यानातच आले नाही, तर तिच्या पोटाला हा फरक कळत नाही.

मेघकुमाराचा पूर्वभव आपल्याला ज्ञाताधर्मकथेतून परिचित आहे. वणव्याच्या भयाने सारे प्राणी एका मोकळ्या मंडलात दाटले होते. मेरुप्रभ हत्तीने अंग खाजवण्यासाठी पाय उचलला आणि तेवढ्यात त्या जागी एक ससा येऊन बसला. वणवा अडीच दिवस पेटत राहिला आणि तितका काळ तो पाय अधांतरी राहिला. पाय उचलला गेला होता खाजवण्यासाठी. करुणा सुरू झाली ती तो पुन्हा न टेकवण्यात. शस्त्रक्रियेचे पैसे भरणे क्षणाचे काम आहे. खरी कसोटी पुढच्या दोन-तीन दिवसांची.

सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते. ते थांबले की वायू धरतो, भूक आणखी मरते आणि एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. ससा उलटी करू शकत नाही, म्हणून माणसाप्रमाणे त्याला शस्त्रक्रियेपूर्वी रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. आपल्या भागातील बहुतेक पशुवैद्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. सशाला भूल देण्याचा अनुभव आहे का, हे आधी स्पष्ट विचारावे. त्यासाठी नगरहून सुमारे १२० किलोमीटरवरील पुण्याला जावे लागले, तर परतीच्या प्रवासात पेटीत गवत ठेवावे. दिवाळीच्या गर्दीत, सगळे दुकानावर असतील अशा दिवसांत तारीख घेऊ नये.

घरी आणल्यावर शांत, उबदार कोपरा द्यावा. खाली भुसा न घालता धुतलेले मऊ सुती कापड अंथरावे. त्याच संध्याकाळी तिने थोडे तरी कुरतडावे. वाळलेले गवत हाच तिचा मुख्य आहार, म्हणून आठम-चौदसलाही अडचण येत नाही. पण भूक मंद असेल तर कोथिंबिरीची काडी तिथी न पाहता द्यावी. व्रत आपले आहे, तिचे नाही. चौविहारही तिला लागू नाही. ससे रात्री आणि पहाटे खातात, तेव्हा झोपण्यापूर्वी गवत-पाणी ताजे करावे. गाजर कंदमूळ म्हणून आपल्याकडे येत नाही, आणि तिचे त्यावाचून काही अडतही नाही.

पेढीवरच्या रोजमेळासारखी एक वही ठेवावी. एका बाजूस किती वाजता काय खाल्ले, दुसऱ्या बाजूस लेंड्या किती आणि केवढ्या. दोन्ही बाजू रोज पाहण्याची सवय आपल्याला कोणी शिकवायला नको. बारा तासांत काही खाल्ले नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. काही मऊ लेंड्या ससा स्वतः खातो. ते स्वाभाविक व आवश्यक आहे, किळस करून अडवू नये.

ससा वेदना लपवतो. अंग चोरून बसणे, डोळे अर्धे मिटणे, दात करकरणे ही त्याची भाषा. डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक वेळेवर द्यावे. घरच्या डब्यातील माणसांची गोळी कधीही देऊ नये. अमॉक्सिसिलिनसारखे औषध तोंडाने दिल्यास आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून ससा दगावू शकतो. जखमेवर हळद, स्पिरिट लावू नये, आंघोळ घालू नये. दिवसातून दोनदा टाके पाहावेत; रक्त, पू, दुर्गंधी किंवा टाका सुटलेला दिसल्यास लगेच दाखवावे. पावसाळ्यात जखमेवर माशी बसू देऊ नये.

सुमारे दहा दिवस उंच उड्या आणि मुलांचे उचलून घेणे बंद ठेवावे. जखम भरल्याचे डॉक्टरांनी सांगितले, दोन्ही बाजूंच्या नोंदी पूर्ववत झाल्या, की मगच ती वही मिटावी.