गवत वाढतं जुलैत, गिऱ्हाईक तुटतं जुलैतच

गोंदियात कुणी 'लॉन' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? डीजे, पाणीपुरीचा स्टॉल आणि लग्नाची पंगत. आपल्याकडे लॉन म्हणजे लग्नाची जागा. पण आज बोलायचंय ते खऱ्या लॉनबद्दल, म्हणजे बंगल्यासमोरच्या, दवाखान्याच्या आवारातल्या आणि शाळेच्या गेटजवळच्या त्या हिरव्या गवताच्या तुकड्याबद्दल. आणि ते गवत कापणाऱ्या माणसाबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, युवा पानावर गवत कशाला? थांबा, सांगते.

सध्या आपल्या वयाच्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतोय : नोकरी शोधू नका, धंदा करा. योजनाही आहेत. 2015 मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं. 2024 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुद्राची वरची मर्यादा 10 लाखांवरून 20 लाखांवर नेली. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही आहे. सुरू कसं करायचं हे सांगणारे भरपूर आहेत. सुरू केल्यावर गिऱ्हाईक टिकवायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि छोटे धंदे तिथेच अडकतात.

गवत कापायचा धंदा त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. दुकान लागत नाही, गाळा लागत नाही. एक मशीन, एक दुचाकी, एक फोन नंबर. कुणीही उद्या सुरू करू शकतो. तरीही या कामात गिऱ्हाईक फार लवकर तुटतं. का? लोक म्हणतात, "पोरं कामचुकार आहेत." मला ते पटत नाही. आपल्या जिल्ह्याचं कॅलेंडर उघडून बघा, उत्तर त्यात आहे.

जुलैचा पेच

आपल्याकडे वर्षाला बाराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. लॉनमध्ये बहुतेक ठिकाणी हरळी असते, गणपतीला वाहतो त्या दुर्वांचंच कूळ. पाऊस आणि दमट ऊब मिळाली की ती झपाट्याने वाढते. जुलैत लॉन नीट ठेवायचं तर दर आठवड्याला कापणी हवी.

आणि जुलैत गोंदिया जिल्ह्यात अजून काय असतं? रोवणी. पऱ्हे तयार झाले, बांधीत पाणी साचलं, की अख्खा जिल्हा चिखलात उतरतो. आमगाव असो, सडक अर्जुनी असो की अर्जुनी मोरगाव, हाताला हात मिळत नाही. मजुरीचे दर चढतात, एकरी ठेके सुटतात. गवत कापणाऱ्या भाऊची स्वतःची दोन एकर बांधी असेल तर तो आधी तिकडेच जाणार. नसेल तरी त्याचा मदतनीस तिकडे गेलेला असतो, कारण त्या तीन-चार आठवड्यांत शेतात जास्त पैसे मिळतात. यात कामचुकारपणा कुठे आला? हा साधा हिशोब आहे.

पण शहरातल्या गिऱ्हाईकाला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला दिसतं ते एवढंच, की गवत गुडघ्याकडे निघालंय आणि भाऊचा फोन लागत नाहीये.

पुढचं त्याहून वाईट. गवत कापायचा एक नियम आहे : एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. तीन आठवडे चुकलेला भाऊ परत येतो आणि सहा इंच वाढलेलं गवत एका दमात इंचभर करून टाकतो. हिरवी पाती सगळी जातात, खाली उरतात पिवळे खुंट. उघड्या पडलेल्या जागेत लव्हाळा डोकं काढतो. म्हणजे तीन आठवडे काम झालं नाही म्हणून राग, आणि काम झाल्यावर लॉन आधीपेक्षा वाईट दिसतं म्हणून अजून राग. गिऱ्हाईक गेलं.

जानेवारीचा गैरसमज

दुसरी वेळ थंडीची. विदर्भात थंडीच्या बातम्यांत गोंदियाचं नाव किती वेळा सगळ्यात खालच्या आकड्यासोबत येतं, ते तुम्हाला माहीत आहे. पारा दहाच्या खाली गेला की हरळी वाढ थांबवते आणि तपकिरी पडते. ती मरत नाही, झोपते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढलं की पुन्हा फुटते.

पण मालकाला वाटतं, लॉन जळलं. औषध चुकीचं मारलं, पाणी दिलं नाही. एक वाक्य डिसेंबरमध्येच सांगितलं असतं, "दादा, आता दीड-दोन महिने हे असंच दिसणार, घाबरू नका," तर विषय संपला असता. तेच वाक्य जानेवारीत, तक्रार आल्यावर सांगितलं की बहाणा वाटतो. शब्द तेच असतात. आधी सांगितले की माहिती, नंतर सांगितले की सबब.

800 रुपयांचं गणित

आता पैशाकडे येऊ. आकडे समजायला घेतलेत, ते दर म्हणून वापरू नका.

समजा एका घराचे महिन्याला 800 रुपये ठरले. जुलैत चार फेऱ्या झाल्या तर एका फेरीचे 200 पडले. भाऊला वाटतं, पेट्रोलही निघत नाही. जानेवारीत गवत वाढतच नाही, म्हणून एकच फेरी होते. मालकाला वाटतं, एका दिवसाच्या कामाचे 800? दोघंही खरं बोलतायत. दोघांनाही फसवल्यासारखं वाटतंय, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत. हे भांडण माणसांमुळे होत नाही, महिन्याच्या ठराविक पैशांच्या पद्धतीमुळे होतं. काम ऋतूप्रमाणे चालतं आणि पैसे कॅलेंडरप्रमाणे.

त्यात "लॉन बघून द्या" म्हणजे नक्की काय, हेही ठरलेलं नसतं. कापलेलं गवत उचलून कुणी न्यायचं? लव्हाळा उपटायचा का? खताचे पैसे कोणाचे? भाऊच्या डोक्यात फक्त कापणी असते, मालकाच्या डोक्यात अख्खी बाग.

आता नुकसान मोजा. वीस घरं असतील तर महिन्याचे 16 हजार. एका जुलैत त्यातली पाच गेली तर महिन्याला 4 हजार आणि वर्षाला 48 हजार कमी. शिशु मुद्राची कमाल मर्यादा किती होती? 50 हजार. म्हणजे ज्या कर्जावर धंदा उभा राहिला, जवळपास तेवढी वर्षाची कमाई एका महिन्याच्या न उचललेल्या फोनमध्ये गेली. आणि 20 लाखांची ती नवी 'तरुण प्लस' मर्यादा आहे ना, ती आधीचं 'तरुण' कर्ज फेडलेल्यांसाठी आहे. फेडणार कशातून? टिकलेल्या गिऱ्हाईकांतून.

अमेरिकेत फ्रेडरिक राइशहेल्ड आणि अर्ल सॅसर यांनी 1990 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये हेच मांडलं होतं. वेगवेगळ्या सेवा व्यवसायांचा हिशोब करून त्यांनी दाखवलं, की गिऱ्हाईकांची गळती फक्त 5 टक्क्यांनी कमी झाली तर नफा 25 ते 85 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. कारण सोपं आहे. नवं गिऱ्हाईक शोधायला वेळ आणि पैसा जातो, जुन्याला फक्त वेळेवर पोहोचावं लागतं.

न बोलता जाणारी माणसं

"मग गिऱ्हाईक बोलत का नाही?" हा प्रश्न मलाही पडला होता. अल्बर्ट हिर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1970 च्या आपल्या पुस्तकात याचं उत्तर दिलंय. नाराज माणसापुढे दोन वाटा असतात : बोलायचं किंवा निघून जायचं. निघणं सोपं असेल तर तो बोलण्याची तसदी घेत नाही. गवत कापणारा बदलायला काय लागतं? शेजाऱ्याकडून एक नंबर. म्हणून तक्रार येतच नाही. एक दिवस मालक म्हणतो, "सध्या राहू द्या, मी फोन करतो," आणि तो फोन कधी येत नाही. भाऊला वाटतं दर जास्त झाला. तो पुढच्या घरी दर कमी करतो. चूक तिथेच राहते, कमाई मात्र घटते.

आणि तिसरी वाट तर अजून अवघड. काही मालक माणूस बदलत नाहीत, लॉनच बदलतात. मे महिन्यात पारा 44-45 वर, पाण्याची ओढाताण, त्यात हा त्रास. मग एक दिवस पेव्हर ब्लॉक बसतात किंवा प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं जातं. खरं गवत जमिनीत पाणी मुरू देतं आणि अंगण थंड ठेवतं. प्लास्टिकचं उन्हात तापतं. पण ते जुलैत फोन करायला लावत नाही! असं गिऱ्हाईक भाऊच्या प्रतिस्पर्ध्याकडेही जात नाही. ते कायमचं संपतं. सेवा सगळ्यांचीच खराब असेल तर अख्खा धंदा आक्रसतो तो असा.

मग करायचं काय?

एक, पैसे वर्षाच्या फेऱ्यांवर ठरवा. जुलै ते सप्टेंबर दर आठवड्याला म्हणजे 13, थंडीच्या तीन महिन्यांत 3, उरलेल्या सहा महिन्यांत महिन्याला दोन म्हणजे 12. एकूण 28. हा आकडा कागदावर लिहून द्या आणि पैसे बारा सारख्या हप्त्यांत घ्या. मग जानेवारीचे 800 जास्त वाटत नाहीत आणि जुलैचे कमी वाटत नाहीत.

दोन, रोवणी लपवू नका. जूनमध्येच सांगा, "या दहा दिवसांत मी शेतात आहे, त्याआधी एक आणि नंतर लगेच एक कापणी करतो." गोंदियात ज्याच्या घरी शेती नाही त्याच्या नात्यात तरी असते. रोवणी म्हटल्यावर इथे कुणालाही समजतं, पण कळवायला तर हवं. शक्य असेल तर शेती नसलेला एक जोडीदार धरा, दहा दिवसांची घरं त्याच्याकडे द्या.

तीन, दर दोन महिन्यांनी स्वतः विचारा, "काही कमी पडतंय का?" बोलण्याची वाट सोपी केली की निघून जाण्याची गरज कमी होते.

आणि मालकांसाठीही एक गोष्ट. पैसे पंधरा दिवस लांबवायचे, त्यातून पन्नास कापायचे आणि वर वेळेची अपेक्षा ठेवायची, हे जमत नाही. रोवणीत रोख मजुरी मिळत असेल तर उधारीच्या लॉनवर कोण येणार? हे वाचून तुमच्या घरचं कुणी आठवलं असेल, तर त्यांना हे पान दाखवा.

तुमच्यापैकी बहुतेक जण गवत कापायचा धंदा करणार नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण कुणी शिकवणी घेणार, कुणी मोबाइल दुरुस्त करणार, कुणी लग्नाचे व्हिडिओ शूट करणार. प्रत्येक कामाला त्याचा जुलै असतो, म्हणजे मागणी सगळ्यात जास्त आणि हात सगळ्यात कमी असलेला महिना. शिकवणीचा जुलै फेब्रुवारीत येतो, व्हिडिओवाल्याचा मे महिन्यात. कर्जाचा फॉर्म भरण्याआधी एक काम करा. एका कागदावर बारा महिने लिहा आणि आपला जुलै कुठला, त्यावर खूण करा. त्या महिन्यात फोन कोण उचलणार, हे आधी ठरवा. बँकेत नंतर जा.