मशेरीलाही व्यसन म्हणू या

मुलगा खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिचवतो हे कळलं की घर हादरतं. २०१३ च्या नियमानुसार कोडीन असलेल्या औषधाच्या विक्रीची दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. पण मुलगी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजते, कुटते आणि दातांना लावते, तेव्हा आपण म्हणतो, ‘दात घासतेय.’

वस्तीतल्या बैठकांत मी हेच ऐकते: दाढ दुखली म्हणून आईनेच दिली, मग सुटली नाही. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, कामाला हात लागत नाही. शिवाय भूक मरते. ज्या घरात बाई सगळ्यांत शेवटी जेवते, तिथे भूक मारणारी पूड सोयीचीच!

दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी आली. घरातल्या तव्यापर्यंत मात्र कायदा पोचत नाही. निकोटीन तेच, तोंडाच्या कर्करोगाची भीती तीच. गर्भारपणात लावली तर मूल कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो.

मुलींना नुसतं रागावून भागणार नाही. दातदुखीवर जवळच्या सरकारी दवाखान्यात इलाज आणि तिच्या ताटात पोटभर जेवण, या मागण्या व्यसनमुक्तीच्याच आहेत. मैत्रिणींनो, त्या आपणच लावून धरायला हव्यात.